नोंदणीकृत मोबाइल क्रमांक कोणाचा?

व्यापारी घराण्यांत एकेकाळी घरातील कर्त्या स्त्रीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. तिजोरी, कोठीची खोली, दागिन्यांची पेटी यांच्या किल्ल्या त्यात असत आणि सासूने तो सुनेच्या हाती सोपविणे हा एक लहानसा कौटुंबिक सोहळाच असे. आता तिजोरी बँकेत गेली, बँक मोबाइलमध्ये आली आणि किल्लीची जागा ओटीपी नावाच्या काही अंकांनी घेतली. हे अंक ज्या मोबाइलवर येतात त्याला बँकेच्या परिभाषेत ‘नोंदणीकृत क्रमांक’ म्हणतात. खाते कोणाच्याही नावे असो, नोंदणीकृत क्रमांक ज्याच्या खिशात असतो, त्याच्याच हाती किल्ली असते.

आपल्या समाजातील बहुसंख्य घरांत सुनेच्या खात्यावरील हा क्रमांक तिचा स्वतःचा नसतो. त्यामागे दुष्ट हेतू असतोच असे नाही. लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत नव्या सुनेची सारी कागदपत्रे बदलावी लागतात. आधारवर नवे नाव व नवा पत्ता चढतो, पॅनची दुरुस्ती होते, सासरच्या बँकेत खाते उघडले जाते, डिमॅट होते, आयकराचे विवरणपत्र भरायला घेतले जाते. ही सर्व धावपळ पेढीवरील मुनीम किंवा कुटुंबाचे चार्टर्ड अकाउंटंट करतात, आणि प्रत्येक अर्जावर मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात सवयीने पेढीचा अथवा पतीचा क्रमांक लिहिला जातो. शेअर दलालाकडे तर पती, पत्नी व अवलंबून असलेले आईवडील यांच्यासाठी एकच क्रमांक देण्याची नियमानेच मुभा आहे. पुढे दुकानाच्या पोस्टपेड योजनेत सुनेलाही एक सिम मिळते. तेही फर्मच्या नावे. सुनेला बँकेत जावे लागत नाही आणि रांगेत उभे राहावे लागत नाही, याचे माहेरीही कौतुकच होते.

घर गुण्यागोविंदाने नांदत असेल तर यात गैर काही नाही. प्रश्न उभा राहतो तो हात उगारला जाणाऱ्या घरात. आणि अशी घरे फक्त इतरांच्या समाजात असतात हा समज सोडून द्यावा लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या होत्या केवळ १४ टक्के. याच सर्वेक्षणानुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. संपन्न घरातील सुनेकडे महागडा फोन असतो हे खरे. तो तिच्या नावे असतो का, हे मात्र कोणी विचारत नाही.

समजा, कोल्हापूरच्या एका व्यापारी घरातील सून सततच्या मारहाणीला कंटाळून दोन मुलांसह पहाटे घर सोडते आणि पुण्यात चुलत बहिणीकडे जाते. ती कोठे गेली हे तिने कोणालाही सांगितलेले नाही. पण ज्या गाडीतून ती गेली तिचा फास्टॅग पतीच्या क्रमांकाशी जोडलेला आहे. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे प्रत्येक नाक्यावर पैसे कापले गेले की नाक्याच्या नावासह संदेश पतीच्या फोनवर येतो. पुण्यात तिने एटीएममधून पैसे काढले, त्याचा संदेश पेढीवर. मुलांसाठी घरपोच जेवण मागविले; त्या अ‍ॅपचे खाते पतीच्या ई-मेलवर उघडलेले, म्हणून बहिणीच्या घराचा पत्ता त्याच्या फोनवरील त्याच खात्यात आपोआप नोंदला गेला. मोठ्या मुलाच्या हातातील टॅबलेटवर वडिलांचेच गुगल खाते चालू आहे, त्यामुळे तो टॅबलेट नकाशावर कोठे दिसतो हे कोल्हापुरात बसून पाहता येते. संध्याकाळपर्यंत पती, दीर आणि समाजातील दोन प्रतिष्ठित मंडळी बहिणीच्या दारात उभी असतात. यात कोणी गुप्तहेर नेमलेला नाही, कोणी फोनमध्ये चोरून काही बसविलेले नाही. घरातील नेहमीच्या सोयींनीच हे काम केले.

गुपचूप पाळत ठेवणारी अ‍ॅपही अर्थात आहेत. ती बसविण्यासाठी सहसा तो फोन काही मिनिटे हातात आणि त्याचा पासवर्ड ठाऊक असावा लागतो. पतीला या दोन्ही गोष्टी सहज साध्य असतात. तथापि त्याहून साधा व म्हणूनच अधिक प्रचलित मार्ग व्हॉट्सअ‍ॅपचा आहे. एका फोनवरील व्हॉट्सअ‍ॅप आणखी चार उपकरणांना जोडता येते. दुकानातील संगणकावर एकदा ते जोडून ठेवले की माहेरी, मैत्रिणीला, वकिलाला लिहिलेला शब्द न् शब्द गल्ल्यावर बसून वाचता येतो. व्हॉट्सअ‍ॅपमधील ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ या यादीत ही जोडणी दिसते, पण ती यादी उघडून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

वार्षिक माहिती आणि मुनीमजी

मोबाइल सुरक्षेवरील लेखांत पासवर्ड, लोकेशन, कॅमेरा यांचा ऊहापोह भरपूर असतो. व्यापारी कुटुंबातील स्त्रीचा माग मात्र अनेकदा लागतो तो कराच्या कागदांतून, आणि याविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

आपल्याकडे पत्नीच्या नावे स्वतंत्र विवरणपत्र भरणे ही सर्वसाधारण प्रथा आहे. कोठे ती फर्ममध्ये भागीदार असते, कोठे तिच्या नावे दुकानाचे जीएसटी असते. आयकर संकेतस्थळावरील तिचा पासवर्ड कर सल्लागाराकडे असतो आणि तिचे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन मुनीमजींच्या खणात. नोव्हेंबर २०२१ पासून आयकर खात्याने ‘वार्षिक माहिती विवरण’ उपलब्ध करून दिले आहे. कोणत्या बँकेने किती व्याज दिले, कोठे म्युच्युअल फंड घेतला, हे पॅननुसार त्यात एकत्र दिसते. घर सोडलेल्या स्त्रीने नव्या गावी, नव्या बँकेत, कोणालाही न सांगता खाते उघडले आणि त्यात चार पैसे साठविले, तरी त्या बँकेचे नाव आज ना उद्या या विवरणात उमटते. आणि ते विवरण वाचणारा माणूस तिच्या सासऱ्यांच्या पेढीवर बसलेला असतो. म्युच्युअल फंड व डिमॅटचे एकत्रित विवरणही पॅननुसार तयार होऊन नोंदलेल्या ई-मेलवर जाते. तो ई-मेल पेढीचा असेल तर निराळे सांगणे नको.

डिजिटल स्वाक्षरीचे टोकन हा तर याहून गंभीर विषय आहे. ते ज्याच्या हाती, तो तिच्या नावाने सही करू शकतो. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तक पेढीवर ठेवणारी पिढी अजून हयात आहे. त्याचे परिणामही काही घरांनी पाहिले आहेत. टोकनचे स्वरूप नवे, धोका तोच.

म्हणून घर सोडण्याच्या विचारात असलेल्या स्त्रीने, किंवा तिला साहाय्य करणाऱ्या माहेरच्या माणसांनी, प्रथम क्रम नीट लक्षात घ्यावा. घाईने सर्व पासवर्ड एका रात्रीत बदलणे हे धाडस असते, शहाणपण नव्हे. पाळत ठेवणाऱ्याला दिसणे बंद झाले की त्याला संशय येतो, आणि स्त्री घर सोडण्याच्या बेतात आहे हे कळण्याचा काळ तिच्या जिवासाठी सर्वाधिक धोक्याचा असतो, असा या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा सर्वत्र अनुभव आहे. फोनमध्ये संशयास्पद अ‍ॅप आढळले तरी ते तत्काळ काढून टाकू नये; जुना फोन आहे तसा, नेहमीच्या कामांसाठी चालू ठेवावा. मदतीसाठीचे बोलणे, शोधाशोध, वकिलाशी संपर्क हे सारे दुसऱ्याच फोनवरून करावे, मग तो आईचा असो वा विश्वासू शेजारणीचा.

सर्वांत आधी नवे सिम, स्वतःच्या आधारवर आणि स्वतःच्या नावे. जुना क्रमांक फर्मच्या नावे असेल तर फर्म तो केव्हाही बंद करू शकते अथवा त्याचे दुसरे सिम काढू शकते. त्या क्रमांकावर पुढील आयुष्य उभारता येणार नाही. हे सिम घरातील जुन्या फोनमध्ये घालू नये. मग सुरक्षित फोनवरून नवा ई-मेल, ज्याचा पासवर्ड मुलांच्या जन्मतारखेवरून ओळखता येणार नाही. त्यानंतर आधार केंद्रावर जाऊन आधारवरील मोबाइल क्रमांक बदलणे. ही पायरी दिसते तितकी साधी नाही. आयकराच्या संकेतस्थळाचा पासवर्ड आधारच्या ओटीपीने नव्याने ठरविता येतो, डिजिलॉकर त्यावर उघडते, आणि आधारचा वापर कोणत्या संस्थेने केव्हा केला याचा इतिहासही त्याच ओटीपीने पाहता येतो. थोडक्यात, आधारवर पतीचा क्रमांक असेपर्यंत बाकीची दारे लावून उपयोग नाही. बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याची सोयही आधारमध्ये आहे. पुढे नवे बचत खाते, पण सासरच्या बँकेत नव्हे आणि शक्यतो त्या पेठेतही नव्हे. लहान गावात शाखेतील शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांची पेढीवर ये-जा असते. किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते कोणालाही उघडता येते.

जुन्या खात्यावरील क्रमांक बदलणे मात्र सर्वांत शेवटी, ती सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर. असे बदल झाले की जुन्या क्रमांकावरही संदेश जाण्याची शक्यता धरूनच चालावे. त्याच दिवशी आयकराचा पासवर्ड, तेथील मोबाइल व ई-मेल, डिमॅटवरील तपशील आणि युपीआय यांचे काम उरकावे. युपीआय तिच्या पतीने ‘सर्कल’ पद्धतीने दिलेले असेल, तर पैसे त्याच्या खात्यातून जातात व प्रत्येक खर्च त्याला दिसतो. ते वापरणे थांबवावे. आयफोन असेल तर २०२२ पासून त्यात ‘सेफ्टी चेक’ नावाची सोय आहे. आपले स्थान, छायाचित्रे व पासवर्ड कोणाकोणाला दिसतात, हे तेथे एकत्र पाहून बंद करता येते. मुलांचे टॅबलेट आणि ठिकाण सांगणारी घड्याळे प्रवासात बंद ठेवावीत, आणि शक्य तर घरीच सोडावीत. मुलांची समजूत काढणे अवघड जाते, पण तेवढे केलेच पाहिजे.

बँकेच्या काउंटरवर

संयुक्त खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ अशा सूचनेचे असेल, तर दोघांपैकी एकजण सर्व रक्कम काढू शकतो. वाद उद्भवल्यास कोणाही एका खातेदाराला बँकेस लेखी पत्र देऊन व्यवहार थांबविता येतात. मग दोघांच्या सहीशिवाय खाते हलत नाही. लॉकरलाही हाच न्याय. घर सोडलेल्या स्त्रीने हे पत्र पहिल्याच दिवशी द्यावे आणि त्याच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. स्त्रीधन ही पत्नीची स्वतंत्र मालमत्ता आहे, ही बाब सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच निःसंदिग्ध केली आहे; पण लॉकर रिकामे झाल्यावर त्यातील दागिने सिद्ध करणे हे वर्षानुवर्षांचे काम होते. खरेदीच्या पावत्यांची व दागिन्यांची छायाचित्रे नव्या ई-मेलवर ठेवलेली बरी.

पत्नीच्या स्वतंत्र खात्याची माहिती पतीला देण्याचा बँकेला अधिकार नाही. बँकेच्या गोपनीयतेचे बंधन कायद्यात आहे, आणि विवाह हा त्याला अपवाद नाही. तरीही ‘घरचेच खाते आहे, जरा शिल्लक सांगा’ असे म्हणत काउंटरवर येणारे सासरे, आणि ओळखीखातर पडदा फिरवून दाखविणारा कर्मचारी, हे दृश्य पेठेतील शाखांना अपरिचित नाही. अशा वेळी खातेदार स्त्रीने शाखा व्यवस्थापकाला लेखी कळवावे की आपल्याखेरीज कोणालाही माहिती देऊ नये. कागदावर आलेली गोष्ट बँकेत गांभीर्याने घेतली जाते. नामनिर्देशनात पतीचे नाव असेल, तर ते त्याला न विचारता बदलता येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून चार व्यक्तींपर्यंत नावे देता येतात. फर्मच्या कॅश क्रेडिटला तिची हमी असेल, तर भारतीय करार कायद्याच्या कलम १३० नुसार पुढील व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन मागे घेता येते. झालेल्या कर्जाची जबाबदारी सुटत नाही, म्हणून ही नोटीस वकिलाच्या सल्ल्याने पण विलंब न करता द्यावी.

कायद्याचे पाठबळ आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात असून त्यात शारीरिक हिंसेबरोबर आर्थिक छळाचीही व्याख्या आहे. न्यायदंडाधिकारी पतीला फोन, संदेश वा अन्य कोणत्याही मार्गाने संपर्क करण्यास मनाई करू शकतात, तसेच संयुक्त खाती व लॉकर वापरण्यासही. या संरक्षण आदेशाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणे हा गुन्हा आहे. मात्र २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा घरगुती वापरास लागू होत नाही, त्यामुळे त्यावर विसंबून चालणार नाही. पुराव्यासाठी धमकीचे संदेश पुसू नयेत. क्रमांक व तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मूळ फोनही जपून ठेवावा, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते.

मदतीसाठी १८१ हा महिला हेल्पलाइन क्रमांक आहे, तातडीच्या प्रसंगी ११२, आणि आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३०. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, त्याचा क्रमांक १५१००. १९८४ साली मुंबई पोलिसांसमवेत टाटा समाजविज्ञान संस्थेने सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आता राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांच्या आवारातच चालतो. तेथील समाजसेविकांना भेटण्यासाठी आधी तक्रार नोंदविलीच पाहिजे असे नाही. हे क्रमांक जुन्या फोनवरून लावू नयेत. पोस्टपेड जोडणी ज्याच्या नावे, बिलाचा तपशील त्याला मिळतो. जीव धोक्यात असेल तेव्हा अर्थातच हा विचार करू नये.

संघ आणि समाज

इतके सर्व सांभाळूनही एखादी स्त्री सापडते ती समाजामुळे. चातुर्मासात तिने नव्या गावच्या स्थानकात अठाई केली, आणि पारण्याच्या दिवशी तपस्वींचे सामूहिक छायाचित्र नावांनिशी संघाच्या गटावर पडले. तासाभरात ते तीन जिल्ह्यांत फिरते. कोणाचाही हेतू वाईट नसतो, अनुमोदनेचाच असतो. मुलांची नावे पाठशाळेच्या बक्षीस यादीत येतात. संवत्सरीच्या सायंकाळी जुन्या सवयीने क्षमापनेचा संदेश सर्व संपर्कांना एकदम पाठविला जातो आणि नवा क्रमांक जुन्या नणंदेच्या फोनवर उमटतो. क्षमा अंतःकरणाने करावी, त्यासाठी कोणालाही आपला पत्ता देण्याची आवश्यकता नाही.

त्याहून कठीण प्रश्न मध्यस्थांचा. ‘घर तुटू नये’ या भावनेने पंच मंडळी तिचा ठावठिकाणा काढतात आणि सासरी कळवितात. समेट घडविणे हे पुण्याचे काम मानले जाते, आणि अनेक घरे अशा समजुतीने सावरलीही आहेत. परंतु जिच्या अंगावर वळ आहेत तिचा पत्ता तिला न विचारता कळविणे ही मध्यस्थी नव्हे. चार दानांत अभयदान गणले आहे. प्राणिमात्राला अभय देण्यासाठी पांजरपोळ उभारणाऱ्या समाजाला ते निराळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. बोलणी करायचीच असतील तर ती तिच्या वकिलाच्या कार्यालयात किंवा विशेष कक्षात, तिच्या संमतीने व्हावीत. निरोप्याने तिचा क्रमांक स्वतःजवळ ठेवू नये, मुलांकडून तो काढून घेऊ नये.

माहेरच्या घरांनी एवढे लग्नाआधीच करून ठेवावे: मुलीच्या नावे तिचे सिम, तिचे खाते, तिचा ई-मेल, आणि लग्नानंतर कागद बदलताना त्यांवरील क्रमांक न बदलण्याचा आग्रह. याला अविश्वास समजण्याचे कारण नाही. मुलाच्या बाबतीत असा क्रमांक बदलावा असे कोणी सुचवीतही नाही. आणि संघांनी एक छोटी सुधारणा करावी. दर काही वर्षांनी निघणाऱ्या समाज-निर्देशिकेत प्रत्येक कुटुंबाचा पत्ता, मोबाइल, मुलांच्या शाळा असे सारे छापले जाते, आणि आता त्याची पीडीएफही फिरते. पुढील आवृत्तीच्या माहितीपत्रकात ‘माझा पत्ता व क्रमांक छापू नये, संपर्क संघ कार्यालयामार्फत’ असा एक रकाना ठेवावा. तो कोणी भरला तर कारण विचारू नये.